स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीत पॉलिप निघाल्यास कोडिंग कसे करावे?

अमेरिकेतील एका गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पचनसंस्थेच्या विकारांच्या) प्रॅक्टिसचे बिलिंग पाहणाऱ्या नव्या कोडरने, म्हणजे बिलासाठी उपचारांना ठरलेले कोड देणाऱ्या कर्मचाऱ्याने, विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ५२ वर्षांचा, खाजगी विमा असलेला आणि कोणतीही तक्रार नसलेला रुग्ण स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे लक्षणे नसताना कर्करोग लवकर ओळखण्यासाठीच्या मोठ्या आतड्याच्या (कोलनच्या) दुर्बिणीच्या तपासणीसाठी, आला. चढत्या कोलनमधील एक पॉलिप (अस्तरावरची गाठ) स्नेअरने (तारेच्या फासाने) आणि सिग्मॉइडमधील (कोलनच्या शेवटच्या भागातील) दुसरा लहान पॉलिप बायोप्सी फोर्सेप्सने (चिमट्याने) काढण्यात आला. पॅथॉलॉजीत पहिला अडेनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारा), तर दुसरा हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी) निघाला. क्लेम ४५३८५ (स्नेअरने काढणे) आणि ४५३८० (फोर्सेप्सने बायोप्सी) या दोन कोडांनी, डी१२.२ (चढत्या कोलनचा अडेनोमा) आणि के६३.५ (कोलनचा पॉलिप) या निदानांसह गेला. विमा कंपनीने पहिली लाइन डिडक्टिबलला (विमा लागू होण्याआधी रुग्णाने भरायच्या रकमेला) लावली, दुसरी बंडल (पहिलीतच समाविष्ट) म्हणून नाकारली, आणि आता रुग्ण "ही तपासणी तर मोफत असते ना?" असे विचारत आहे. यात चुकले काय?

प्रोसिजरचे दोन्ही कोड बरोबर आहेत आणि दोन्ही निदानेही बरोबर आहेत. चूक अशी, की रुग्ण कशासाठी आला होता हे क्लेममध्ये कुठेही सांगितलेले नाही. पहिल्या क्रमांकावर झेड१२.११, म्हणजे कोलनच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगचा कोड, यायला हवा होता. दोन्ही लाइनींना ३३ (प्रतिबंधात्मक सेवा) हा मोडिफायर, म्हणजे कोडला जोडायचा पूरक संकेत, लागायला हवा होता. आणि ४५३८० ला त्याशिवाय ५९ हवा होता, कारण तो पॉलिप वेगळ्या ठिकाणी होता.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडसंचाच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार, भेटीचे कारण स्क्रीनिंग असेल तर स्क्रीनिंगचा कोड पहिला राहतो, आणि तपासणीत काही सापडले तर त्याचा कोड अतिरिक्त निदान म्हणून पुढे जोडला जातो. याचा अर्थ, पॉलिप सापडल्यामुळे स्क्रीनिंगचे स्क्रीनिंगपण संपत नाही. अनेक नवे कोडर पॅथॉलॉजी रिपोर्ट हाती आला की 'आता खरे निदान मिळाले' असे समजून झेड कोड काढून टाकतात, कारण इतर बहुतेक ठिकाणी त्यांना लक्षणाऐवजी निश्चित निदान लिहायला शिकवलेले असते. तो नियम लक्षणांसाठी आहे. स्क्रीनिंगच्या कोडला तो लागू होत नाही. झेड१२.११ काही पॉलिपपर्यंत पोहोचण्याचा तात्पुरता टप्पा नसून रुग्ण टेबलावर का आला याचे उत्तर आहे, आणि ते उत्तर नंतर काय सापडले यावर बदलत नाही.

याच्या उलट बाजूही तितकीच कडक आहे. रुग्णाला गुदद्वारातून रक्तस्राव होत असेल, त्याचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरले असेल किंवा शौचाच्या सवयी बदलल्या असतील, आणि त्याचा शोध घेण्यासाठी डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सुचवली असेल, तर ती निदानात्मक तपासणी ठरते. मग रुग्णाचे वय ४५ असो वा ७० आणि त्याने याआधी कधीही स्क्रीनिंग केलेले नसो. अशा रुग्णाला मोठे बिल आले की तो फोन करून "कोड बदलून द्या" अशी विनंती करतो, आणि त्याची अडचण समजण्यासारखी असते. पण नोंदीत रक्तस्राव लिहिलेला असताना झेड१२.११ टाकणे म्हणजे विमा कंपनीला चुकीची माहिती देणे होय. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) बाबतीत ते फॉल्स क्लेम्स अॅक्टच्या (सरकारकडे खोटे दावे करण्याविरुद्धच्या कायद्याच्या) कक्षेत जाऊ शकते. फक्त एक काम अवश्य करावे: मूळ ऑर्डर, त्याआधीच्या भेटीची नोंद आणि प्रोसिजर नोटमधील 'इंडिकेशन' (तपासणीचे कारण) ही तिन्ही एकत्र वाचावीत. कधीकधी रुग्णाने प्रश्नावलीत वर्षांपूर्वीच्या मूळव्याधीचा उल्लेख केलेला असतो, नर्सने तो इंडिकेशनच्या रकान्यात उतरवलेला असतो, आणि डॉक्टरांच्या मनात मात्र ती तपासणी स्क्रीनिंगच असते. अशा वेळी डॉक्टरांना लेखी विचारणा करावी आणि त्यांनी नोंदीत रीतसर पुरवणी जोडल्यावरच कोड बदलावा. कोडरने स्वतः अंदाज बांधू नये.

खाजगी विम्यात पैशांचा हिशेब याच मुद्द्यावर फिरतो. २०१० च्या अफोर्डेबल केअर अॅक्टनुसार, ग्रँडफादर्ड (कायद्याआधीपासूनच्या म्हणून सूट मिळालेल्या) नसलेल्या योजनांना प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने ए किंवा बी श्रेणी दिलेल्या सेवा नेटवर्कमधील डॉक्टरकडे रुग्णाच्या खिशाला हात न लावता द्याव्या लागतात. ५० ते ७५ वयासाठी ही शिफारस ए श्रेणीची आहे. मे २०२१ मध्ये ४५ ते ४९ या वयोगटाला बी श्रेणी मिळाली. स्क्रीनिंगदरम्यान पॉलिप काढणे हा त्या स्क्रीनिंगचाच भाग मानला जातो, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पुढील स्पष्टीकरणांनी भूल, काढलेल्या पॉलिपची पॅथॉलॉजी, आवश्यक असल्यास तपासणीपूर्व सल्ला आणि पोट साफ करण्याचे औषध यांनाही हे संरक्षण दिले आहे. पण विमा कंपनीची संगणक प्रणाली नोट वाचत नाही. ती कोड वाचते. ४५३८५ हा कोड स्वतःहून स्क्रीनिंग आहे की उपचार, हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम ३३ मोडिफायर करतो, आणि प्रत्येक लाइनच्या पॉइंटरमध्ये (लाइनला निदान जोडणाऱ्या खुणेत) झेड१२.११ पहिला असणे त्याला आधार देते. सीएमएस-१५०० या क्लेम फॉर्मच्या २१ क्रमांकाच्या चौकटीत निदाने अक्षरांनी मांडलेली असतात आणि २४ई मध्ये प्रत्येक लाइनला ती अक्षरे जोडली जातात. २१ मध्ये झेड१२.११ असूनही २४ई मध्ये फक्त डी१२.२ जोडल्यामुळे डिडक्टिबल लागल्याची प्रकरणे वारंवार दिसतात, आणि नाकारण्याचा संदेश इतका त्रोटक असतो की कारण शोधायला वेळ लागतो.

मेडिकेअरचे गणित वेगळे आहे आणि इथे खाजगी विम्याची सवय घातक ठरते. मेडिकेअरमध्ये काहीही न काढता झालेल्या स्क्रीनिंगसाठी ४५३७८ हा कोलोनोस्कोपीचा मूळ कोड वापरला जात नाही. सर्वसाधारण जोखमीच्या रुग्णाला जी०१२१ आणि उच्च जोखमीच्या रुग्णाला जी०१०५ लागतो. काही काढले तर मात्र सीपीटी या प्रोसिजरच्या कोडसंचातला (उदा. ४५३८५) कोड येतो आणि त्याला ३३ ऐवजी पीटी हा मोडिफायर लावावा लागतो. पीटी लावल्यावर डिडक्टिबल माफ होते, पण कोइन्शुरन्स (बिलातला रुग्णाचा टक्केवारीचा वाटा) अजून पूर्ण माफ झालेले नाही. तपासणीदरम्यान पॉलिप निघाला म्हणून पूर्वी २० टक्के कोइन्शुरन्स लागत असे. त्यावर पुष्कळ टीका झाल्यावर आलेल्या कायद्याने ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरवले. २०२३ ते २०२६ या काळात ते १५ टक्के, २०२७ ते २०२९ मध्ये १० टक्के आणि २०३० पासून शून्य आहे. त्यामुळे मेडिकेअरच्या रुग्णाला तपासणीआधीच सांगून ठेवावे, की काही सापडले नाही तर काहीही द्यावे लागणार नाही, आणि सापडले तर थोडा वाटा येऊ शकतो. हे न सांगितल्यामुळे जितके वाद होतात तितके प्रत्यक्ष कोडिंगच्या चुकांमुळेही होत नसावेत, असे माझे मत आहे.

मेडिकेअरमध्ये वारंवारितेचीही मर्यादा आहे. सर्वसाधारण जोखमीच्या रुग्णाला दर १२० महिन्यांनी आणि उच्च जोखमीच्या रुग्णाला दर २४ महिन्यांनी एक स्क्रीनिंग मिळते. मोजणी तारखेने नव्हे, तर महिन्यांनी होते: मागील तपासणीच्या पुढच्या महिन्यापासून मोजायला सुरुवात करावी आणि पहिल्या प्रकारात ११९, दुसऱ्या प्रकारात २३ पूर्ण महिने जाऊ द्यावेत. मार्च २०१६ मध्ये तपासणी झालेला सर्वसाधारण जोखमीचा रुग्ण त्यामुळे मार्च २०२६ मध्ये पुन्हा पात्र ठरतो, मग पहिली तारीख महिन्याच्या शेवटची असली तरी हरकत नसते. उच्च जोखमीत आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला कोलोरेक्टल कर्करोग वा अडेनोमा असणे, रुग्णाला स्वतःला यापूर्वी अडेनोमा किंवा हा कर्करोग झालेला असणे, आणि क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार) असणे यांचा समावेश होतो. वंशपरंपरागत पॉलिपोसिसचा (असंख्य पॉलिप होण्याच्या आजाराचा) कौटुंबिक इतिहासही त्यात येतो. आजी-आजोबा किंवा काका यांचा इतिहास डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचा असू शकतो, पण मेडिकेअरच्या या व्याख्येत तो बसत नाही.

पूर्वी पॉलिप निघालेला, आता तक्रार नसलेला आणि ठरलेल्या अंतराने परत आलेला रुग्ण म्हणजे सर्व्हेलन्स. तीही स्क्रीनिंगच समजली जाते आणि झेड१२.११ सोबत पॉलिपच्या वैयक्तिक इतिहासाचा कोड द्यावा लागतो. इथे एक बदल लक्षात ठेवावा: १ ऑक्टोबर २०२४ पासून झेड८६.०१० हा जुना कोड पुरेसा राहिलेला नाही. आता अडेनोमा किंवा सेरेटेड पॉलिपसाठी झेड८६.०१०१, हायपरप्लास्टिकसाठी झेड८६.०१०२ आणि प्रकार माहीत नसल्यास झेड८६.०१०० असे अंक जोडावे लागतात. जुन्या टेम्प्लेटमधून आलेला अपुरा कोड क्लेम थेट परत पाठवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मागील पॅथॉलॉजी रिपोर्ट चार्टमध्ये असेल तर 'प्रकार अज्ञात' हा कोड टाकणे आळसाचे ठरते. उच्च जोखमीची पात्रता अडेनोमाच्या इतिहासावर ठरते, हायपरप्लास्टिकवर नाही. खाजगी विम्यात मात्र सावध राहावे, कारण काही योजना सर्व्हेलन्सला प्रतिबंधात्मक लाभात धरत नाहीत, आणि ते नियम पॉलिसीत आधी पाहिल्याशिवाय रुग्णाला "काही लागणार नाही" असे सांगू नये.

शौचाची घरी केलेली चाचणी सकारात्मक आली म्हणून झालेली कोलोनोस्कोपी हा वादाचा जुना विषय होता. आता चित्र स्पष्ट आहे. ३१ मे २०२२ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या योजना-वर्षांत खाजगी विम्याला ती स्क्रीनिंगचाच पुढचा भाग म्हणून मोफत द्यावी लागते, आणि मेडिकेअरने १ जानेवारी २०२३ पासून तिला स्क्रीनिंग मानून केएक्स मोडिफायर लावायला सांगितले आहे. २०२५ पासून मेडिकेअरने स्वीकारलेल्या रक्तचाचणीनंतरच्या कोलोनोस्कोपीलाही हेच लागू झाले आहे. अशा प्रकरणात पॉलिपही निघाला तर पीटी आणि केएक्स दोन्ही येतात. निदानात झेड१२.११ आणि आर१९.५ (शौचाच्या चाचणीतील असामान्य निष्कर्ष) दोन्ही द्यावेत. त्यांचा क्रम मात्र त्या विमा कंपनीच्या धोरणात पाहावा, कारण सगळ्यांचा आग्रह सारखा नाही.

आता ४५३८० च्या नकाराकडे येऊ. कोलोनोस्कोपीचे कोड पॉलिपच्या संख्येवर नव्हे, तर तंत्रावर चालतात. स्नेअरने पाच पॉलिप काढले तरी ४५३८५ एकदाच, आणि स्नेअर गरम होती की थंड याने कोड बदलत नाही. साध्या फोर्सेप्सने तुकडा घेतला किंवा छोटा पॉलिप पूर्ण उचलला तरी ४५३८०, तर विद्युतप्रवाह वापरणाऱ्या हॉट बायोप्सी फोर्सेप्सला ४५३८४. एकाच पॉलिपवर आधी बायोप्सी आणि मग स्नेअर वापरली तर फक्त स्नेअरचा कोड मिळतो. राष्ट्रीय कोडिंग नियमांत ४५३८५ आणि ४५३८० ही जोडी एकत्र आली की दुसरा कोड पहिल्यात समाविष्ट मानला जातो. दोन्ही पॉलिप वेगळे होते हे ५९ किंवा एक्सएस मोडिफायरने सांगितल्यावरच तो स्वतंत्रपणे मोजला जातो. पण मोडिफायर लावण्याआधी नोट वाचावी. "सिग्मॉइडमधील ४ मिमी पॉलिप थंड फोर्सेप्सने, चढत्या कोलनमधील १० मिमी पॉलिप स्नेअरने" असे स्पष्ट असेल तर ५९ निर्विवाद आहे. "अनेक पॉलिप स्नेअर आणि फोर्सेप्सने काढले" एवढेच असेल तर ते पुरेसे नाही, आणि डॉक्टरांना विचारावे लागेल. विमा कंपनीकडून तपासणी झाली तर ५९ ने भरलेल्या क्लेममध्ये सर्वांत आधी हेच पाहिले जाते.

इतर काही जोड्या पटकन सांगतो. शाई टोचून जागा खूण करणे किंवा पॉलिपखाली द्रव सोडून तो उचलणे याला ४५३८१ वेगळा मिळतो. पण त्याच पॉलिपवर ईएमआर (पॉलिप अस्तरासकट उचलून काढणे) केले असेल, तर ४५३९० मध्ये ते इंजेक्शन आणि स्नेअर दोन्ही आधीच धरलेले असतात. ४५३९० लावायला द्रव सोडून उचलणे, कडा आखून घेणे आणि स्नेअरने किंवा बँडने काढणे हे तिन्ही नोटमध्ये असले पाहिजेत. फक्त "ईएमआर केले" हा शब्द पुरत नाही. पॉलिप काढताना स्वतः घडवलेला रक्तस्राव क्लिपने थांबवला तर ४५३८२ हा रक्तस्राव थांबवण्याचा कोड लावता येत नाही, आणि पुढे रक्तस्राव होऊ नये म्हणून लावलेल्या क्लिपलाही वेगळा कोड नाही. हा प्रश्न डॉक्टर नेहमी नाराजीने विचारतात, कारण क्लिप महाग असते. तरीही नियम तोच आहे.

एकाच सत्रात दोन-तीन कोड गेले की पैसे कमी का येतात, हेही समजून घ्यावे. एंडोस्कोपीला बहुशस्त्रक्रियेची नेहमीची अर्धी कपात लागत नाही. सर्वांत जास्त मूल्याच्या कोडला पूर्ण रक्कम मिळते आणि बाकीच्या प्रत्येक कोडला फक्त त्याच्या आणि मूळ ४५३७८ च्या मूल्यातला फरक. समजा, केवळ उदाहरणादाखल, ४५३८५ चे दर ३००, ४५३८० चे २५० आणि ४५३७८ चे २२० डॉलर आहेत. तर एकूण ३०० अधिक ३०, म्हणजे ३३० डॉलर येतील. ही रक्कम कमी वाटून कोणी अपील दाखल करत असेल, तर आधी हा हिशेब करून पाहावा.

तपासणी अर्धवट राहिली तर स्कोप कुठपर्यंत गेला हे निर्णायक ठरते. पूर्ण कोलोनोस्कोपीसाठी तयार केलेल्या रुग्णात सिकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोहोचता आले नाही, पण स्प्लेनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचे कोलनचे वळण) ओलांडली, तर निदानात्मक वा स्क्रीनिंग तपासणीला डॉक्टरांच्या क्लेममध्ये ५३ मोडिफायर लागतो, आणि त्याच परिस्थितीत पॉलिप काढला असेल तर उपचाराच्या कोडला ५२. स्प्लेनिक फ्लेक्शरपर्यंतही गेले नसेल तर ती सिग्मॉइडोस्कोपी (फक्त कोलनच्या शेवटच्या भागाची तपासणी) म्हणून कोड करावी. शस्त्रक्रिया केंद्राच्या क्लेममध्ये ५३ चालत नाही. तिथे भूल देण्याआधी रद्द झाल्यास ७३ आणि त्यानंतर थांबवल्यास ७४ लागतो. तयारी नीट न झाल्याने मेडिकेअरची तपासणी थांबवली तर ५३ लावणे रुग्णाच्याही हिताचे असते, कारण अपूर्ण तपासणीमुळे पुढील पूर्ण तपासणीला वारंवारितेची मर्यादा आडवी येत नाही.

भुलीचा क्लेम सहसा वेगळ्या कंपनीकडून जातो आणि तिथेच विसंगती घडते. २०१८ पासून स्क्रीनिंगच्या भुलीसाठी ००८१२ आणि इतर खालच्या आतड्यांच्या एंडोस्कोपीसाठी ००८११ आहे. सीपीटीच्या मते स्क्रीनिंगमध्ये काहीही सापडले तरी ००८१२ राहतो, पण मेडिकेअरला पॉलिप निघाल्यावर ००८११ आणि पीटी हवा असतो. प्रॅक्टिसने आपला क्लेम स्क्रीनिंग म्हणून दुरुस्त केला आणि भूलवाल्यांनी किंवा पॅथॉलॉजी लॅबने फक्त डी१२.२ पाठवला, तर रुग्णाला त्यांच्याकडून बिल येतच राहते आणि तो तुम्हालाच फोन करतो. म्हणून लॅबच्या मागणीपत्रावर झेड१२.११ आधीपासून छापलेला असावा, आणि भूल देणाऱ्यांना इंडिकेशन प्रोसिजरच्या दिवशीच कळवावे.

तुमच्या क्लेमसाठी आता नवा क्लेम पाठवू नका. तो डुप्लिकेट म्हणून नाकारला जाईल. खाजगी विम्याला २२ क्रमांकाच्या चौकटीत ७ हा कोड आणि मूळ क्लेम क्रमांक देऊन दुरुस्त क्लेम पाठवावा: पहिली लाइन ४५३८५-३३, पॉइंटर झेड१२.११ आणि डी१२.२, दुसरी लाइन ४५३८०-५९-३३, पॉइंटर झेड१२.११ आणि के६३.५. रक्कम ठरवणारा ५९ आधी आणि माहिती देणारा ३३ नंतर ठेवावा. प्रोसिजर नोट सोबत जोडून ठेवली तर दुसऱ्या लाइनीवरचा पत्रव्यवहार वाचतो. रुग्णाचे खाते तोपर्यंत रोखून ठेवावे, वसुलीच्या यादीत जाऊ देऊ नये, आणि दुरुस्त क्लेमचा निकाल आला की त्याला लेखी कळवावे. हीच चूक मेडिकेअरच्या क्लेममध्ये झाली असती, तर ७ ने चालले नसते. तिथे कारकुनी चुकीसाठी रीओपनिंग (निकाली क्लेम पुन्हा उघडणे) मागावे लागते, आणि मोडिफायर ३३ ऐवजी पीटी असावा लागतो.